उजवी कळी

त्या वर्षी "देवाला शरण जा" असं मला इतक्या माणसांनी सांगितलं, की देवापेक्षा त्या माणसांचीच मला धास्ती वाटायला लागली होती. दारात चपला काढायच्या आधी ते वाक्य घरात यायचं. त्याच्या पाठोपाठ शहाळं, कागदाच्या पुडीत अंगारा, आणि कुणाच्या तरी मावस नणंदेची हकीकत. तिला म्हणे हाच आजार झाला होता आणि अमुक पारायणाने ती खडखडीत बरी झाली. त्या मावस नणंदेचं गाव मात्र कुणालाच नेमकं माहीत नसायचं.

भोरच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात माझी सारी नोकरी झाली. भक्तांच्या अनुभवांची पुस्तकं आमच्याकडे एक अख्खं कपाट भरून होती आणि मी ती नुसती लावून ठेवली नव्हती, वाचलीही होती. त्यांत बहुतेक सगळ्यांत एक जागा येते. माणूस थकतो, हात जोडतो, डोळे मिटतो आणि सगळा भार देवावर टाकतो. त्या जागी आले की मी पुस्तकातून मान वर करायची. डोळे मिटले होते, तर पुढचं सगळं पाहिलं कुणी? माझाही अनुभव सांगावा असं आता वाटतं आहे, पण तो उघड्या डोळ्यांचा आहे. वाचणाऱ्याला तो भक्तीचा वाटेल की उद्धटपणाचा, हे मी त्याच्यावर सोडते.

मला छातीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं आणि मग पुण्याच्या एका इस्पितळात केमो सुरू झालं. दर वेळी सकाळी जायचं, दिवसभर खुर्चीत बसून ते औषध शिरेतून घ्यायचं आणि संध्याकाळी भोरला परत यायचं. केस गेले. डोक्याला रुमाल बांधायचं मी सोडून दिलं, कारण माझ्या टकलाकडे बघणाऱ्यांपेक्षा माझ्या रुमालाकडे बघणारे जास्त वेळ बघत.

त्या वॉर्डात इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर बऱ्याच होत्या. साळवे सिस्टरांचं काम वेगळं होतं. केमो घेऊन घरी गेलेलं माणूस मध्येच एकाएकी बिघडलं, तर त्याला पहिल्यांदा त्यांनी गाठायचं, काय बिघडलं ते ओळखायचं, आणि मोठे डॉक्टर येईपर्यंत त्याला निसटू द्यायचं नाही. याच कामाचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं आणि इस्पितळाने त्यांना त्यासाठीच नेमलं होतं. त्यांच्या टेबलावर एक वेगळा फोन होता. पहिल्या केमोच्या दिवशी त्या प्रत्येक पेशंटला समोर बसवून तेच बोलत, आणि ते ऐकताना आपण अजून न केलेल्या चुकीबद्दल आगाऊ बोलणी खातो आहोत असं वाटे.

"हे औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं," त्यांनी मला सांगितलं. "आठवडा-दीड आठवड्याने तुमच्या रक्तात लढायला कुणी उरत नाही. तेव्हा ताप आला, तर तो ताप नव्हे, आग असते. गोळी घेऊन उतरवायचा नाही, मग मला आग दिसत नाही. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून पडायचं नाही. देव गाठायचा नाही. मला गाठायचं. दिवस असो, रात्र असो, काहीही असो."

"आणि देव रागावला तर?" मी मुद्दाम विचारलं.

"त्याला माझा नंबर द्या," सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या यजमानांकडे वळल्या. "ह्यांना गर्दीत न्यायचं नाही. फुलं नाहीत, कच्चं काही नाही, चिरलेली फळं नाहीत. कळलं?"

यजमानांनी मान डोलावली. ते कोर्टात कारकून होते. समोरच्याने ठामपणे सांगितलं की मान डोलवायची त्यांना सवय होती. हीच मान पुढे त्यांच्या आईसमोरही डोलली, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, भोरच्या पुढे खोऱ्यातल्या आमच्या गावी राहत. माझं ऑपरेशन चालू होतं तेव्हा त्यांनी गावातल्या वाघजाईला नवस बोलला होता: सून टेबलावरून जिवंत उठली, तर चैत्राच्या जत्रेला तिच्या हाताने तुझी ओटी भरीन. मी उठले. जत्रा आली. केमो होऊन आठवडा उलटला होता. मी नको म्हणाले. आत्याबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त जेवण सोडलं. ज्यांच्या सासवांचा त्यांच्यावर खराखुरा जीव आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी लवकर, गर्दीच्या आधी जायचं, ओटी भरायची आणि भाड्याने गाडी चालवणाऱ्या दस्तगीरभाईंच्या जीपने लगेच परतायचं असं ठरलं. सिस्टरांना विचारलं नाही, कारण त्या काय म्हणतील ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आमची वाघजाई म्हणजे शेंदूर लावलेली एक शिळा. तिला चांदीचे दोन डोळे आहेत, बाकी चेहरा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा देऊळ कौलारू होतं. मग कमिटी झाली, कमिटीला अध्यक्ष झाले आणि देवीचे दिवस पालटले. देवळापेक्षा उंच कमान आली. कमानीवर संगमरवरी पाट्या आल्या आणि त्यांवर देणगीदारांची नावं देवीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आली. त्या जत्रेला तर अध्यक्षांनी देवीला नवा शेंदूर चढवून घेतला होता. गुरव नको म्हणत होता, पण व्हिडिओवाला येणार होता. तेलात कालवलेला तो शेंदूर भिंतीला गिलावा करावा तसा थापला होता आणि अजून ओला होता.

निघायला उशीर झाला, पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. मी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. वाकून उठले तर दात वाजायला लागले. चैत्राचं ऊन सभामंडपाच्या फरशीवर चटके देत होतं आणि मला हुडहुडी भरली होती. पर्समधला थर्मामीटर काखेत धरला. काढून पाहिला तेव्हा पारा एकशे दोनच्या वर होता. मी यजमानांना एवढंच म्हणाले, "जीप."

ते उठले. दस्तगीरभाईंनी गाडी चालू केली. आणि आत्याबाई आमच्या आणि जीपच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"शीव वलांडायच्या आदी कौल लावायचा," त्या म्हणाल्या. "न्हाईतर म्या सोडनार न्हाई."

त्यांना दोष देता येत नाही. माझे सासरे पोटात दुखून लोळायला लागले तेव्हा शिकलेल्या पुतण्यांनी कौलाबिवलाची वाट न बघता त्यांना टेम्पोत घालून पुण्याला नेलं होतं. त्याच टेम्पोतून ते चादरीत गुंडाळून परत आले. देवीला न विचारता शीव ओलांडली म्हणून नवरा गेला, ही गोष्ट आत्याबाईंनी मनात इतकी वर्षं जपली होती की तिच्यावरही एक शेंदूर चढला होता. त्या मला अडवत नव्हत्या. त्या मला वाचवत होत्या.

कौल म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. घरच्या कर्त्याने प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कळी पडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. आणि ज्याच्याबद्दल विचारायचं, त्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. आमच्याकडे लग्नं, विहिरी आणि भावकीची भांडणं अशीच सुटतात, आणि कोर्टापेक्षा लवकर सुटतात, हे कोर्टातले माझे यजमानही मान्य करतात.

किसन गुरवाने कळ्या लावल्या. यजमानांनी हात जोडून विचारलं, "आई, हिला पुण्याला न्यावं का?" मला एका खांबाला टेकवून बसवलं होतं.

कळ्या पडेनात.

ओल्या शेंदरात त्या रुतून बसल्या होत्या. पाण्याने चिकटवलेली कळी वाळली की सुटते, पण तेलात बसलेली कशाला सुटेल? हे मला दिसत होतं, गुरवाला नक्कीच दिसत होतं, पण देवीच्या खांद्यावरच्या गोष्टीला कारण द्यायचं नसतं. माणसं जमली. मला ज्या गर्दीपासून जपायचं होतं, ती माझ्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. कुणी पदराने वारा घालत होतं, कुणी तापाची गोळी पुढे करत होतं. मी ओठ घट्ट मिटून मान हलवली, तर एक बाई दुसरीला म्हणाली, "डोक्यात ताप गेलाय."

कमिटीच्या अध्यक्षांना प्रसंगाचं महत्त्व कळलं आणि त्यांनी माईक हातात घेतला. "सर्व भाविकांना विनंती आहे," कर्ण्यातून आवाज घुमला, "शांतता राखावी. देवी विचार करीत आहे."

"देवीचा विचार होऊ द्या," जीपमधून दस्तगीरभाई ओरडले, "पन पेशंटला गाडीत तरी बसवा! हितनं तितं बसली तर काय बिघडनार हाय?"

"कौल सुटल्याबिगर हलता येत न्हाई," कुणीतरी सुनावलं.

"मंग गाडी आत आनू का देवळात?"

मला हसू आलं आणि हसता हसता मी एका बाजूला कलंडले. नियम मोडून बोलायचं मी ठरवलं होतं. "मला कौल नको, सिस्टर हव्यात," असं मोठ्याने म्हणायचं होतं. पण जीभ टाळूला चिकटली होती. उठायला गेले तर पाय माझे नव्हते. खांब, माणसं, कमान, सगळं लांब जायला लागलं. स्पष्ट दिसत होते फक्त ते चांदीचे दोन डोळे. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हटलं, तू विचार कर बाई सावकाश. मला तेवढा वेळ नाही. मी डोळे मिटणार नाही.

आणि म्हणूनच पुढचं मला दिसलं. आत्याबाई कोंडाळ्यातून उठल्या. माझ्या कपाळाला त्यांनी हाताची पालथी बाजू लावली आणि ती चटका बसल्यासारखी मागे घेतली. मग त्या सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्या आणि देवीशी बोलल्या. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, मागल्या टायमाला तुला इचारलं न्हाई म्हून तू रुसलीस. म्या काय बोलले न्हाई. पांढरं कपाळ घिऊन तुझ्या म्होरं आले, तरी बोलले न्हाई. या टायमाला इचारलंय. आता गप बसतीस व्हय? तुझ्या अंगावर ह्यांनी पोतंभर शेंदूर थापलाय, तुला हात उचलत नसंल. ऱ्हाऊ दे. म्या उचलते."

त्या उंबरा ओलांडून आत गेल्या आणि देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी त्यांनी दोन बोटांनी उपटून काढली.

अध्यक्षांच्या हातात माईक चालू होता, त्यातून नुसती घरघर येत होती. आत्याबाईंनी शेंदूर माखलेली बोटं सगळ्यांना दाखवली.

"उजवा दिलाय," त्या म्हणाल्या. "उचला तिला."

किसन गुरव बाजूला झाला. यजमानांनी माझ्या एका बाजूला खांदा दिला, दस्तगीरभाई उतरून आले आणि त्यांनी दुसऱ्या. आत्याबाईंनी कळी पदराच्या गाठीत बांधली आणि त्या जीपमध्ये माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. त्यांना गाडी लागते. त्या दिवशी लागली नाही.

गावात फोन नव्हता. भोरचे फोन सकाळपासून बंद पडले होते. कापूरहोळला हायवेच्या तोंडाशी जीप थांबली आणि यजमान एका बूथमध्ये धावले. त्या दिवशी साळवे सिस्टरांची सुट्टी होती. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. घराच्या किल्ल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये विसरल्या म्हणून त्या नुसत्या किल्ल्या घ्यायला आल्या होत्या. किल्ल्या हातात घेतल्या आणि फोन वाजला. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही आणि मी लावत बसणार नाही. आत्याबाईंना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. नंतर हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मंग कुनी उचलायचा हुता?"

सिस्टरांनी फोनवर मोजकेच प्रश्न विचारले. थंडी वाजते का, बोलणं नीट आहे का, लघवी कधी झाली, तापाची गोळी दिली का. मग म्हणाल्या, "कुठेही थांबू नका. कुणी सलाईन लावतो म्हणालं तरी थांबू नका. मी गेटवर आहे."

वरवे गेलं, खेड शिवापूर गेलं, कात्रजचा घाट आला. दस्तगीरभाई हॉर्नवरचा हात उचलतच नव्हते. एका वळणावर समोरच्या ट्रकवाल्याला त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत, पण माझ्यासाठी त्या वेळी कुणी म्हटलेलं ते एकमेव स्तोत्र होतं.

सिस्टर गेटवर होत्या. साध्या साडीत, खांद्याला पर्स, हातात स्ट्रेचरचा दांडा. खिडकीतल्या माणसाने आधी केसपेपर काढा म्हणून हात पुढे केला, तेव्हा त्या न थांबता म्हणाल्या, "केसपेपर मागून येतो. ताप पुढे पळतो." माझ्या दंडाला पट्टा बांधून ब्लड प्रेशर पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला नाही. चेहरा न बदलण्यासाठी किती ताकद लागते ते मला तेव्हा समजलं, कारण आकडा मीही ऐकला होता. दोन ठिकाणांहून रक्त काढलं, आणि ते तपासायला जाईपर्यंत माझ्या शिरेत अँटिबायोटिक सुरूही झालं होतं. डॉक्टर धावत आले, तेव्हा सिस्टरांनी त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरोबर. चालू ठेवा." रक्ताचा रिपोर्ट आला. लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच.

मला एका वेगळ्या, काचेच्या दाराच्या खोलीत ठेवलं. दारात दोन बायका समोरासमोर आल्या, तेवढं मला आतून दिसलं.

"आजी, पदरात काय आहे?"

"कौल हाय."

"फूल आहे. फूल आत नाही."

"देवीच्या अंगावरचं हाय, बाई."

"म्हणूनच नाही," सिस्टर म्हणाल्या. "देवीच्या अंगाला सगळं गाव हात लावतं. ह्यांच्या अंगात आज एका जंतूलाही हाकलायची ताकद नाही. कौल दारात बसू दे. आत मी बसते."

आत्याबाईंनी सिस्टरांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. देवीच्या खांद्यावरून कळी उपटणाऱ्या त्या बाईने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. त्या खाली बसल्या, दाराला पाठ लावली आणि पदराची गाठ मांडीवर घेतली. "बसा," त्या म्हणाल्या. "म्या हाय हितं."

मग ताप चढत गेला. सिस्टरांनी साडीवर गाऊन चढवला होता, टोपी घातली होती, तोंडावर मास्क होता. त्या माझ्या उशाशी बसून थेंब बघत होत्या, अधूनमधून दंडावरचा पट्टा फुगवत होत्या, नखं दाबून बघत होत्या. त्यांचे फक्त डोळे दिसत होते. चेहरा नाही, नुसते दोन डोळे, पापणी न लवता माझ्याकडे बघणारे. मी सकाळी कुठे बघत होते आणि आता कुठे बघते आहे, यातला फरक मला कळेनासा झाला. ताप होता, मान्य आहे. एकशे तीनच्या वर होता, तेही मान्य. पण मी पुस्तकांच्या कपाटासमोर आयुष्य काढलं आहे. भास कशाला म्हणतात ते मला माहीत आहे. भासात माणसाला हवं ते दिसतं. मला देवी नको होती, मी तिच्यावर चिडले होते. तरी ती येऊन बसली होती, मनगटावर बोटं ठेवून, घड्याळाकडे बघत.

मी हात जोडले नाहीत. एका हातात सुई होती. "तुमची आज सुट्टी होती ना?" एवढंच मी विचारलं.

"बोलू नका," सिस्टर म्हणाल्या. "सुट्टी उद्या घेईन. तुम्ही उद्या आहात का ते आधी बघू."

मी होते. दुसऱ्या दिवशी ब्लड प्रेशर जागेवर आलं. ताप मात्र हटवादीपणे येत-जात राहिला आणि काचेच्या दारामागचे ते दिवस लांबले. आत्याबाई दारातून हलल्या नाहीत. कळी केव्हाच सुकून तपकिरी झाली होती, तरी गाठ सुटली नव्हती.

त्यातच एके दिवशी कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस उजाडला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली मंडळी, हार, फोटोग्राफर आणि केळ्यांच्या पाट्या असा लवाजमा वॉर्डात फळवाटपाला आला. साळवे सिस्टर दुसऱ्या टोकाला एका पेशंटपाशी होत्या. मंडळी माझ्या दाराशी आली. काचेमागचा टकला पेशंट फोटोत छान आला असता. एकाने दाराच्या मुठीला हात घातला आणि त्याच्या पायाशी बसलेली म्हातारी उठून उभी राहिली.

"आत न्हाई."

"आजी, साहेबांच्या वाढदिवसानिमित्त फळं आहेत. घ्या की."

"हिथल्या बाईंनी सांगितलंय, आत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या देवीचं फूल भाईर ऱ्हायलंय. तुमची केळी कुठं निघाली?"

आवाज ऐकून सिस्टर धावत आल्या, पण त्यांना काही करायला उरलं नव्हतं. मंडळी पुढच्या वॉर्डाकडे वळली होती. सिस्टरांनी मास्क खाली ओढला. मी त्यांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "आजी, नोकरीला राहता का?" त्यांनी विचारलं.

मला घरी सोडलं त्या सकाळी आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली. आमच्याकडे रीत अशी, की कौल ज्याच्या कामाचा, कळी त्याच्या हातात द्यायची. मी हात पुढे केला. त्या मला ओलांडून गेल्या आणि वॉर्डाबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, त्यांनी ती सुकलेली कळी साळवे सिस्टरांच्या ओंजळीत ठेवली. तिथे ठेवायला हरकत नाही ना, असं विचारूनच ठेवली. सिस्टरांनी ती कपाळाला लावली, आणि मग माझ्याकडे बघून दरडावलं, "तुम्ही हात लावायचा नाही."

बाकीची केमो पार पडली. केस परत आले, पण कुरळे आले. मला वाटलं होतं, गावातलं प्रकरण तोवर विसरलं गेलं असेल. पुढच्या चैत्रात जत्रेला गेले तेव्हा कळलं की कमिटीने ठराव केला होता: कौल हाताने काढणं हा देवीचा अवमान आहे, आमच्या घराने अभिषेक करावा आणि माईकवरून क्षमा मागावी. अध्यक्षांनी माईक आत्याबाईंच्या तोंडापुढे धरला. मी पुढे व्हायला निघाले, पण त्यांनी मला हाताने मागे सारलं.

"माफी कुनाची मागायची?" कर्ण्यातून त्यांचा आवाज सगळ्या खोऱ्यात गेला. "देवीची? ती हितंच बसलीया. वरीसभर रोज येते म्या तिच्या म्होरं, मला काय बोलली न्हाई. का तुमची मागू? तुमचं नाव कमानीच्या पाटीवर हाय, अध्यक्ष. गाभाऱ्यात न्हाई."

मग त्यांनी मला समोर उभं केलं, माझ्या डोक्यावरचा पदर मागे ओढला आणि नुकते उगवलेले कुरळे केस गावाला दाखवले. क्षमेचा विषय तिथेच संपला. ओटी मी भरली. देवीच्या अंगावर त्या वर्षी शेंदराचा पातळ हात होता. किसन गुरवाने यावेळी कुणाचं ऐकलं नव्हतं.

शरण जाण्याबद्दल मला आता एवढंच म्हणायचं आहे. पूर्वी मला वाटे, शरण जाणं म्हणजे कळी पडायची वाट बघत बसणं, आणि ते मला कधी जमणार नव्हतं. आत्याबाईंनी आपली सगळ्यांत जुनी भीती त्या उंबऱ्यावर ठेवली आणि मग आत हात घातला. साळवे सिस्टरांनी किल्ल्या परत ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि फोन उचलला. त्या दोघींनी डोळे मिटले नव्हते. त्यांच्यापुढे मी जशी पडून राहिले, सुई टोचू दिली, दार लावू दिलं, आपली अक्कल बाजूला ठेवली, तेवढं शरण मी पूर्वी कुणालाच गेले नव्हते. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि वाघजाईचीही कृतज्ञ आहे, की तिच्या घरात तिच्यावर हात टाकला तरी ती रागावली नाही. जी रागावते असं कमिटी सांगते, ती दुसरी कुणी असेल. माझी ही नव्हे.

दोनेक वर्षांनी मी देवळात बसले असताना खालच्या आळीतल्या एका बाळंतिणीला आणलं. अंग तापाने फणफणलं होतं. घरच्यांना भोरच्या दवाखान्यात न्यायचं होतं, पण शीव ओलांडण्याआधी कौल हवा होता. किसन गुरव उठला. उपरण्याच्या टोकाने त्याने देवीचा उजवा खांदा नीट कोरडा पुसला. एकच कळी घेतली, पाण्याला टेकवली न टेकवली अशी, आणि उजवीकडे लावली. डावीकडे लावलीच नाही.

"दुसरी कळी?" बाळंतिणीच्या सासऱ्याने विचारलं.

"तापाला एकच," गुरव म्हणाला.

खांबाशी बसलेल्या आत्याबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दामच बघत नव्हत्या. गुरवाने बोट काढायच्या आत कळी खाली पडली.

"उजवा," तो म्हणाला. "निघा लवकर."

कमानीखाली दस्तगीरभाईंची जीप आधीच चालू होती.